चारशे सतराच्या शेवटच्या तीन डब्या

११ मार्च

६१४.९. दुसऱ्या निवड चाचणीतला माझा हा आकडा पंचांनी दुपारी सव्वाबाराला सही करून फळ्यावर लावला. मी तिथेच उभी राहून साठ गोळ्यांची बेरीज पुन्हा केली. पंचांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, मोजतं ते मशीन. मी नुसता सहीचा धनी."

फेब्रुवारीत पहिल्या चाचणीत ६२१.८ होते. रायफल तीच, पन्नास मीटर तेच, काडतुसांचा लॉटही तोच. आज सात गोळ्या खाली गेल्या. डावीउजवीकडे नाही, सरळ खाली. कुणीतरी खालून पाय ओढावा तशा.

संघात जागा दोन. एक शिपाईबाईची, ती पोलिसात आहे आणि नेम धरताना तिला श्वास लागतच नाही असं आम्ही म्हणतो. तिच्याशी कुणी भांडत नाही. दुसरी जागा माझी किंवा नवीची, म्हणजे आमच्या रेंजवरच्या नव्या मुलीची. तीनपैकी चांगल्या दोन चाचण्या धरणार. नवीचे ६१७ आणि ६२०.६ झालेत. तिसरी चाचणी १७ एप्रिलला. मी छत्तीस वर्षांची आहे आणि पुढची निवड चार वर्षांनी. म्हणजे ही शेवटची.

 ताईने रायफलची पेटी माझ्या हातातून घेऊन स्वतः गाडीपर्यंत आणली. मोठी बहीण म्हणून आणली की प्रशिक्षक म्हणून, ते कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

१३ मार्च

चूक कुठे झाली ते शोधायचं तर सुरुवातीपासून लिहायला हवं.

आमच्या छोट्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो. काठ एखाद्या कागदाएवढा जाड-पातळ झाला की ठिणगी कमी-जास्त, वेग कमी-जास्त. हळू गेलेली गोळी पन्नास मीटरवर खाली लागते. म्हणून आम्ही लॉट, म्हणजे कारखान्यात एका दमात बनलेली खेप, निवडतो. एकाच कारखान्याचा एक लॉट माझ्या रायफलीला मानवतो, दुसरा मानवत नाही. लग्नाच्या स्थळांसारखंच आहे, पत्रिका जुळूनही कधी कधी जमत नाही.

जानेवारीत रजा टाकून दिवसभर रायफल शिकंज्यात आवळून मी चौदा लॉट तपासले. निळ्या डबीचा लॉट ४१७ लागला आणि दहाच्या दहा गोळ्या एका शर्टाच्या बटणाखाली झाकल्या गेल्या. रेंजवर त्याच्या चाळीस डब्या होत्या. कोठी सांभाळणारे कुलूपकाका म्हणाले, "घे, तुझं नाव टाकतो. नवरीमुलगी सापडल्यासारखी हसतेस."

पहिली चाचणी मी सीलबंद डब्या स्वतः फोडून मारली. त्यानंतर ताई म्हणाली, "आता गंमत नाही. प्रत्येक काडतुसाचा काठ मोजून, सारखे वेगळे काढून मी तुला ट्रे भरून देते." कोठीमागच्या खोलीत बसून ती ते करते. गेज लावायचं, बघायचं, पन्नास भोकांच्या ट्रेमध्ये ठेवायचं. संध्याकाळचे दोन-दोन तास. तिच्या मनगटाला हे सोसत नाही, तरी करते.

इतकं करूनही सात गोळ्या खाली. तिला तोंड कसं दाखवू?

१६ मार्च

सरावात शंभर गोळ्या. नऊ खाली.

नवीने चहा आणला. एकोणीस वर्षांची आहे, मला मावशी म्हणते. मी म्हटलं, "ताई म्हण की." तर म्हणाली, "ताई म्हणजे मॅडम. मॅडमची बहीण ती मावशीच ना?" कपावर तिच्या बोटांचे काळे ठसे उमटले होते. "आधी हात धू," मी म्हटलं, "तुझ्या हातचा चहा प्यायला तर पोटात रायफल उगवेल." खो खो हसली. हसताना तिचा एक दात वाकडा दिसतो. तिच्या डाव्या हाताच्या मोज्याची शिवण उसवली होती, माझा जादाचा मोजा दिला तिला.

२० मार्च

आज ताईने विषय काढला. पुढच्या मैदानावर कुणी नसताना.

"छोटे, राग मानू नकोस. डोळे तपासून घे."

"का?"

"गोळी खाली जाते ती उगाच नाही. नळीच्या टोकाचं नेमाचं कडं अंधूक दिसायला लागलं की माणूस नकळत खाली धरतो. मला चौतिसाव्या वर्षी झालं. आपल्या घरात डोळे लवकर जातात."

आईचे गेले, ताईचे गेले. माझी पाळी कधीतरी येणार हे मी धरूनच चालले होते. पण या महिन्यात?

घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक अक्षरं वाचून पाहिली. सगळी दिसली. मग वाटलं, पाठ असतील.

२४ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तासभर तपासलं. थेंब घातले, उजेड मारला, उलटी-सुलटी अक्षरं वाचायला लावली. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या वयाच्या बायका असे डोळे घेऊन आल्या तर मी उपाशी मरेन."

ताईला फोन केला. तिने निकाल पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, "डॉक्टरला वाचायचे डोळे कळतात, नेमाचे नाही."

हेही खरंच असेल.

२५ मार्च

कामावर, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, आज वॉर्डातल्या नर्सबाई रुसल्या. लेबल नसलेली रक्ताची नळी आणली होती. "अहो, मीच काढलंय, मीच घेऊन आले, माझ्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, "तुमच्यावर आहे, नळीवर नाही." नळी परत पाठवली. बारा वर्षांत लेबलाशिवाय एक थेंब घेतलेला नाही.

सराव: ऐंशी गोळ्या, सहा खाली.

२८ मार्च

आज गोळीचा वेग मोजायचं यंत्र लावून पन्नास गोळ्या मारल्या. जानेवारीत याच ४१७ च्या सर्वांत हळू आणि सर्वांत वेगवान गोळीत सेकंदाला आठ मीटरचा फरक होता. आज एकवीस! हळू गेली ती प्रत्येक गोळी खाली लागली.

म्हणजे डोळे नाहीत, खांदा नाही, श्वास नाही. काडतूस!

मी रेंजवरच्या बाकावर बसून चक्क रडले. कुलूपकाका पाण्याचा ग्लास घेऊन आले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कुणी नाही काका, कंपनीने फसवलं." "मग ठीक आहे," म्हणाले, "रोज फसवते ती."

अकरा वर्षं मी निळी डबी वापरते. दुसरीकडे बघितलंही नाही. नव्या मुलींना हीच घ्या म्हणून सांगितलं. एकाच लॉटच्या अर्ध्या डब्या सोन्यासारख्या आणि अर्ध्या भंगार, आणि दोन्हींवर आकडा एकच? घरातल्या माणसाने खिसा कापावा तसं वाटलं.

ताईला आकडे दाखवले. तिने कागद बराच वेळ पाहिला. "यंत्र कधी कधी चुकतं," म्हणाली.

"पन्नास वेळा?"

"उन्हात ठेवलं होतंस?"

२९ मार्च

कंपनीला पत्र लिहिलं. पहिला मसुदा नवऱ्याने वाचला. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, गिऱ्हाइकांच्या शिव्या त्याला पाठ आहेत. म्हणाला, "यात 'विश्वासघात' चार वेळा आलंय. एकदा ठेव, जास्त लागेल." एकदा ठेवला.

ताई म्हणाली, "पत्रंबित्रं कशाला? आता तीन आठवडे राहिले. मन त्यात घालू नकोस." मी पाठवून टाकलं.

४ एप्रिल

कंपनीच्या तक्रार विभागातल्या माणसाचा फोन. आवाज दवाखान्यातल्यासारखा मऊ. प्रत्येक लॉटच्या काही डब्या ते कारखान्यात जपून ठेवतात. ४१७ च्या पुन्हा तपासल्या. फरक नऊ मीटरचा. आणखी सहा रेंजवर हा लॉट गेलाय, एकही तक्रार नाही.

"बाई, तुम्ही मारलेल्या गोळ्यांची डबी जवळ आहे का? झाकणाच्या आत शिक्का असतो."

"माझी बहीण काठ मोजून ट्रेमध्ये भरून देते."

"म्हणजे डबी तुम्ही फोडत नाही."

"माझी बहीण फोडते."

"हो. म्हणजे तुम्ही फोडत नाही."

मी त्याला नको ते बोलले. माझ्या ताईने तीन राष्ट्रीय पदकं घेतली आहेत, तुम्ही आम्हाला डबी उघडायला शिकवू नका, वगैरे. त्याने ऐकून घेतलं. "डबी मिळाली तर कळवा," म्हणाला आणि फोन ठेवला. पगारी खोटारडा.

ताईकडे रिकाम्या डब्या मागितल्या. म्हणाली, कचऱ्यात गेल्या.

५ एप्रिल

सहा रेंजवर एकही तक्रार नाही. मग आमच्याच नशिबी का?

८ एप्रिल

नेमबाजीच्या जाकिटाची चेन तुटली म्हणून नवऱ्याने ते दुकानात नेलं होतं. संध्याकाळी परत आणलं आणि माझ्यासमोर एक काडतूस ठेवलं. "आतल्या खिशात होतं. शिवणीत अडकलेलं."

माझा जीवच गेला. जिवंत काडतूस रेंजबाहेर आणायला नियमाने बंदी. फेब्रुवारीतल्या पहिल्या चाचणीत एक पेटलं नव्हतं असं वाटून मी बाजूला काढलं होतं, तेच हे. त्यानंतर तो खिसा मी वापरलाच नाही.

"खिशाला बघ किती डाग पडलाय," तो म्हणाला. "याच्यावर चरबीचं मेण आहे. धुऊन जायचं नाही."

"सगळ्यांवर असतं. निळ्या डबीवर असतंच."

"मग तुझा टॉवेल का स्वच्छ असतो हल्ली?"

"म्हणजे?"

"आधी तू सरावाहून आलीस की टॉवेल माझ्या दुकानातल्या फडक्यासारखा असायचा. आठवड्याला दोनदा उकळायचो. दीड-दोन महिने झाले, उकळलेला नाही. मला वाटलं, तू हात धुवायला शिकलीस."

तो हसला. मी हसले नाही. माझी बोटं पाहिली. स्वच्छ होती.

९ एप्रिल

सकाळी रेंज उघडायच्या आधी गेले. खिशातलं काडतूस ट्रेमधल्या काडतुसांशेजारी ठेवलं. बुडावर कारखान्याचं अक्षर एकच. लांबी एकच, रंग एकच. पण जुनं बोटाला चिकटतं, ट्रेमधली कोरडी, मेणबत्तीसारखी. कोरडं मेण लाल डबीला असतं. त्याच कारखान्याची, नवशिक्यांच्या सरावाची स्वस्तातली डबी. बाहेरून दिसायला जुळी बहीण.

सबंध ट्रे पाहिला. पन्नासच्या पन्नास लाल डबीतली.

कुलूपकाका आले. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "काका, निळ्या ४१७ च्या किती राहिल्या?"

"तीन. जपून वापरा."

"आणि लाल कोण नेतं?"

"तुझी ताई. आठवड्याला चार-पाच. तुझ्या सरावाला." ते किल्ल्या शोधत होते, माझ्याकडे पाहत नव्हते. "आणि निळ्या नवीला. मला वाटलं, तुम्ही बहिणीबहिणींनी ठरवलंय. मोठं मन लागतं हो. मी घरी बायकोलाही सांगितलं."

खिशातलं काडतूस त्यांच्या हातात दिलं, चुकून राहिलं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "कुणाला बोलू नकोस, मी पाहिलं नाही."

बारा वर्षांत लेबलाशिवाय एक थेंब घेतलेला नाही. आणि लेबलाशिवायचा ट्रे दोन महिने घेत राहिले, कारण तो आणणारी ताई होती.

१० एप्रिल

कामावर गेले. आले. जेवले.

११ एप्रिल

ताई कोठीमागच्या खोलीत गेज घेऊन बसली होती. समोर माझा ट्रे, अर्धा भरलेला. मी दार लावलं आणि माझी दोन बोटं तिच्यासमोर धरली.

"स्वच्छ आहेत, बघ."

तिने पाहिलं. गेज खाली ठेवलं. "कुणी सांगितलं?"

"टॉवेलने."

कितीतरी वेळ ती ट्रेमधली भोकं मोजत असल्यासारखी बसली. मग तिच्या प्रशिक्षकाच्या आवाजात बोलायला लागली, तो आवाज मला लहानपणापासून ठाऊक आहे. "फेब्रुवारीत नवीची रायफल शिकंज्यात लावली. तिलाही ४१७ च मानवला. दुसरा एकही नाही. चौदाही लावून पाहिले. डब्या उरल्या होत्या तीस. दोघींचा सराव आणि दोन-दोन चाचण्या. पुरत नव्हत्या, छोटे. अर्ध्या-अर्ध्या दिल्या असत्या तर दोघींनाही अर्धाच सराव, आणि दुसरी जागा परगावच्या कुणीतरी नेली असती. एकीला द्यायच्या होत्या. ती एकोणीस वर्षांची आहे. अजून पंधरा वर्षं मारेल. तू किती?"

"लॉट मी शोधला होता."

"माहीत आहे."

"मग मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तू अर्ध्या काढून दिल्या असत्यास. मला तुझा स्वभाव माहीत नाही का?"

 दिल्या असत्या. मी तर नवीला मोजाही दिला.

"मी तुझ्याशी खोटं बोलले नाही," ती म्हणाली. "ट्रे निळ्याचा आहे असं मी एकदाही म्हटलं नाही. फक्त सांगितलं नाही."

"आणि डोळे?"

तिने गेज पुन्हा हातात घेतलं.

"ताई, डोळे? काडतूस लाल आहे हे तुला ठाऊक होतं. तरी मला डोळे तपासायला पाठवलंस. मी आरशासमोर उभी राहून एक-एक डोळा झाकून बघत होते. आईसारखं होणार म्हणून नवऱ्याला धरून रडले. ते कशासाठी?"

"तू थांबावीस म्हणून." आवाज अगदी बारीक झाला होता. "तुझ्या मनाने. हरून नाही."

एकदम तिचं वय दिसलं मला. मी दार उघडून बाहेर आले. नवी पुढच्या मैदानावर पालथी पडून नेम धरत होती, माझा मोजा घालून. तिला यातलं काही माहीत नाही. ट्रे मॅडम देतात, ती मारते.

१२ एप्रिल

कंपनीच्या माणसाला फोन करून माफी मागितली. "तक्रार मागे घेते. चूक आमच्याकडची आहे."

"असं होतं, बाई," तो म्हणाला. "आमच्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींपैकी सहा घरातल्याच असतात." मग घाईने, "म्हणजे साठवणुकीच्या."

१४ एप्रिल

कुलूपकाकांकडे गेले. वहीत ४१७ पुढे अजून माझंच नाव आहे. जानेवारीत त्यांनी टाकलेलं. तिन्ही डब्या मागितल्या.

"तिन्ही?"

"तिन्ही. सील मी फोडेन. चाचणीच्या दिवशी तुमच्यासमोर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग किल्ल्यांकडे. "नवीचं काय?"

"तिचं तिच्या मॅडम बघतील."

त्यांनी डब्या माझ्या कप्प्यात ठेवल्या आणि कप्प्याची किल्ली माझ्या हातात दिली. कुठलाही विनोद केला नाही.

हिशेब साधा आहे. नेम जुळवायला आधी मारायच्या अंदाजाच्या आणि गुणांसाठीच्या मोजणीच्या मिळून एका चाचणीला ऐंशीच्या आसपास गोळ्या लागतात. पन्नासाची एक, म्हणजे दोन डब्या. तिसरी राहते. पन्नास काडतुसांत चाचणी होत नाही, पण अंदाजाच्या गोळ्या कमी मारल्या तर साठापैकी चाळीस तरी होतील. तिसरी तिला देता येईल.

१५ एप्रिल

ताईचा फोन तीनदा आला. उचलला नाही. मग संदेश: "तिच्यासाठी निदान एक ठेव. मी हात जोडते." माझ्यासाठी ताईने हात जोडल्याचं आठवत नाही. कदाचित कधी वेळ आली नसेल.

आज सरावाला गेले नाही. टॉवेल धुऊन घडी घालून ठेवला.

१६ एप्रिल

दुपारी नवीचा फोन.

"मावशी, उद्या बरोबर जाऊ या? माझी रायफल तुमच्या गाडीत मावेल का?"

"मावेल."

"मला जाम भीती वाटतेय."

"सगळ्यांना वाटते."

"मॅडमचं काहीतरी बिनसलंय. दोन दिवस नीट बोलत नाहीत. ट्रे दिला आणि म्हणाल्या, मनापासून मार. नेहमी म्हणतात, डोक्याने मार. आणि मावशी, एक विचारू? ट्रेमधली काडतुसं या वेळी अशी कोरडी का लागतात हाताला? उन्हाळ्यामुळे?"

फोन माझ्या कानाला होता. समोरच्या खुर्चीवर दुरुस्त झालेलं जाकीट होतं, आतला खिसा बाहेर काढलेला, त्यावर तो डाग. म्हणजे ताईने तिलाही सांगितलेलं नाही. मी सांगू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं.

"असेल," मी म्हटलं. "तू लवकर झोप."

"तुम्ही आहात म्हणून बरं आहे," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी कुणाचं काडतूस बदललेलं नाही. कुणाच्या ट्रेला हात लावलेला नाही. लॉट माझा, नाव माझं, सील मी फोडणार. फक्त सांगितलं नाही.

हे वाक्य लिहून झाल्यावर मागे जाऊन ११ एप्रिलचं पान पुन्हा वाचलं. खोडलं मात्र नाही, इथलंही नाही आणि तिथलंही नाही.

उद्या साडेसातला तिला घ्यायला जायचं आहे. साडेआठला साहित्य तपासणी, सव्वानऊला अंदाजाच्या गोळ्या, साडेनऊला मोजणी सुरू. शिपाईबाई पहिल्या पट्ट्यात, मी चौथ्या, नवी पाचव्या, माझ्या अगदी उजव्या हाताला. ताई मागच्या खुर्चीत. नवीच्या पहिल्या दहांत एखादी गोळी खाली जाईल, सरळ खाली. ती बंदूक खांद्यावरून काढेल, पापण्या मिटून उघडेल आणि डोळे चोळेल. मग पट्ट्यावरून मान वळवून बघेल. मागे ताईकडे बघेल की शेजारी माझ्याकडे, एवढंच मला माहीत नाही.

कप्प्याची किल्ली पिशवीत घेतली आहे; तिसरी डबी कप्प्यातच आहे. सील अजून शाबूत आहे.